ताप आल्यावर तीच गोळी जड का होते?

वाचकाचं पत्र (फोंडा तालुका):

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. सावई-वेऱ्याला कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सांभाळतात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची माइट्रल झडप बदलून मेकॅनिकल झडप बसवली. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन ४ मिलिग्रॅम, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) कायम ३ च्या आसपास. छातीत भरून येतं म्हणून आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० मिलिग्रॅम सकाळी आणि दुपारी घेतात. जुलैत त्यांना पाच दिवस १०२ ताप होता. लेप्टोचा (उंदरांमुळे पसरणारा ताप) संशय म्हणून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि पॅरासिटामॉल ६५० चार वेळा दिली. खाणं म्हणजे पेज आणि लोणचं, एवढंच. सहाव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, आयएनआर ५.८ निघाला. दोन रात्री वॉर्फरिन बंद ठेवून पुढे ३ मिलिग्रॅम करायला सांगितलं. आता बाबा बरे आहेत, गोळी अजून ३ वरच चालू आहे. बी. फार्मला असलेला माझा भाचा म्हणतो, तापात शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ते यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम बंद पाडतं. इकडे माझ्या भावाने व्यायामशाळेजवळच्या दुकानातून 'नायट्रिक ऑक्साइड बूस्टर' नावाची पावडर आणली आहे, म्हणे हृदयाला चांगली. हे नेमकं आहे काय? पावडर द्यावी का? कोणी म्हणतं तांबड्या भाजीतही (तांबडा माठ) तेच असतं, मग ती बंद करायची का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: 'गोळी अजून ३ वरच चालू आहे.' नायट्रिक ऑक्साइडचं नंतर बघू. बाबांचा आयएनआर याच आठवड्यात, जमलं तर उद्याच तपासून घ्या आणि आकडा हृदयाच्या डॉक्टरांना कळवा. तापाने जे बिघडवलं होतं ते ताप गेल्यावर पूर्वपदावर येतं. यकृत पुन्हा जोमाने वॉर्फरिन मोडायला लागतं, जेवण सुरळीत होतं, प्रतिजैविक संपलेलं असतं. ४ मिलिग्रॅमवर ज्यांचा आयएनआर ३ होता, त्यांना बरं झाल्यावर ३ मिलिग्रॅम बहुधा कमी पडणार. माइट्रलच्या मेकॅनिकल झडपेला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो. तो खाली राहिला तर झडपेवर गुठळी धरू शकते. रक्त येणं डोळ्यांना दिसतं म्हणून घरचे धावतात. गुठळी मात्र धरेपर्यंत काहीच सांगत नाही. अचानक धाप लागणं, झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज दबणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्या. डोस मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका. आकडा बघितल्याशिवाय कुठल्याच दिशेने हात घालायचा नाही.

आता भाच्याचं म्हणणं. तो बरोबर सांगतो आहे, फक्त गोष्ट अर्धी आहे.

नायट्रिक ऑक्साइड हा एक छोटासा वायू. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून सतत तयार होत असतो, शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो आणि वाहिनी सैल करतो. काही सेकंदांत संपतोही, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला लगेच टिपून घेतं. हे काम शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराड यांना १९९८ चं नोबेल मिळालं. बाबांची मोनोनायट्रेटची गोळीही शेवटी याच वाटेने वाहिन्या सैल करते. भावाच्या पावडरीच्या डब्यावर ज्याची स्तुती आहे तो हाच, अत्यल्प प्रमाणात, जागच्या जागी बनणारा आणि उपयोगी.

जंतुसंसर्ग झाला की चित्र पालटतं. रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरफेरॉन-गॅमा अशी रसायनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर यकृताच्या पेशी एक वेगळं एन्झाइम बनवायला घेतात, त्याला आयनॉस म्हणतात. अस्तरातलं एन्झाइम गरजेपुरतं चालतं आणि थांबतं. आयनॉस मात्र एकदा बनलं की तास न् तास, कधी दिवस न् दिवस नायट्रिक ऑक्साइड ओतत राहतं. जंतूंना मारण्यासाठीची ती तयारी आहे. नुसत्या उपस्थितीपेक्षा प्रमाण महत्त्वाचं, हे इथे ध्यानात ठेवा. वाहिनी सैल करायला जेवढा नायट्रिक ऑक्साइड पुरतो तेवढ्याने यकृताचं काही बिघडत नाही. पूर आला की बिघडतं.

औषधं मोडण्याचं बरंचसं काम यकृतातल्या सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइमांच्या कुटुंबाकडे असतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटला की हे एन्झाइम ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून १९६२ मध्ये ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी त्याला हे नाव दिलं. त्या नावातच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. एन्झाइमच्या मध्यभागी हीम असतो, हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच, आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. ऑक्सिजनने येऊन त्या लोहावर बसायचं आणि औषधाच्या रेणूला धक्का देऊन त्याचं रूप बदलायचं, हे सगळं कामकाज. त्या जागेवर कार्बन मोनॉक्साइड बसू शकतो तसा नायट्रिक ऑक्साइडही बसतो. जागा अडली की ऑक्सिजन बाहेर उभा. हा अडथळा तात्पुरता असतो, वायू सुटला की एन्झाइम पुन्हा चालू.

पण पूर टिकला तर पुढचं नुकसान कायमचं होतं. नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल रसायन बनतं. ते एन्झाइमच्या प्रथिनातल्या टायरोसिनसारख्या अमिनो आम्लांवर घाव घालतं. असं जखमी एन्झाइम दुरुस्त होत नाही. पेशीला नवं घडवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. तिसरी वाटही आहे. काही पी-४५० एन्झाइमांवर नायट्रिक ऑक्साइडमुळे 'टाकाऊ' अशी खूण बसते आणि पेशीची प्रथिनं मोडणारी यंत्रणा, प्रोटिआसोम, त्यांना ओढून नेऊन तुकडे करते. मानवी यकृतपेशींत २बी६ या एन्झाइमच्या बाबतीत हे स्पष्ट दिसलं आहे. १९९३ मध्ये उंदरांना जंतूंचं विष टोचून केलेल्या प्रयोगांत नायट्रिक ऑक्साइड बनणं रोखलं, तेव्हा पी-४५० ची घसरण बऱ्याच अंशी टळली. भाच्याच्या पुस्तकात बहुधा याच धाग्यावरचं काही असेल.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. तापात एन्झाइमं मंदावण्याचं नायट्रिक ऑक्साइड हे एकमेव कारण नाही. अनेक एन्झाइमांसाठी तर ते मुख्यही नाही. आज वापरातली खूप औषधं मोडणारं ३ए४ हे एन्झाइम घ्या. दाह झाला की इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून पेशी त्याचा आराखडा वाचणंच कमी करते, मग एन्झाइम बनतच नाही. याचा पुरावा माणसांतच मिळाला आहे. संधिवाताच्या रुग्णांना इंटरल्यूकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब दिल्यावर आठवड्याभरात त्यांच्या रक्तातलं सिमव्हास्टॅटिन, म्हणजे ३ए४ मोडतं ते कोलेस्टेरॉलचं औषध, निम्म्याहून खाली आलं. म्हणजे दाहाने झोपवलेलं एन्झाइम जागं झालं. त्यामुळे 'तापात यकृत औषधं सावकाश मोडतं' हे वाक्य पक्कं धरा, आणि नायट्रिक ऑक्साइडला त्यातला एक वाटेकरी समजा.

बाबांच्या ५.८ मध्ये कुणाचा किती वाटा होता हे मागे जाऊन मोजता येत नाही, पण वाटेकरी कोण ते सांगता येतं. वॉर्फरिनचा जास्त ताकदीचा भाग मोडतं याच कुटुंबातलं २सी९ हे एन्झाइम. ते तापात थोडं मंदावतं. तापात गुठळी करणारे घटकही नेहमीपेक्षा भरभर झिजतात. डॉक्सिसायक्लिनने वॉर्फरिनचा परिणाम वाढू शकतो. पॅरासिटामॉल ६५० चार वेळा म्हणजे दिवसाला २.६ ग्रॅम, आणि दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे सलग काही दिवस गेलं तर आयएनआर चढतो. आणि पेज-लोणचं! तांदळाच्या पेजेत व्हिटॅमिन के जवळजवळ नसतंच. वॉर्फरिन त्या व्हिटॅमिनच्याच विरोधात काम करतं, त्यामुळे पाच दिवस पालेभाजी बंद म्हणजे गोळीचा जोर आपोआप वाढला. आमच्या मते बाबांच्या बाबतीत पेज, पॅरासिटामॉल आणि डॉक्सिसायक्लिन हे तिघे नायट्रिक ऑक्साइडपेक्षा भारी पडले असणार. यात डॉक्टरांचं काही चुकलं असं नाही. लेप्टोचा संशय असताना डॉक्सिसायक्लिन द्यायलाच हवं, आणि वॉर्फरिनवर असलेल्याला तापासाठी पॅरासिटामॉलच सर्वांत सुरक्षित. चुकलं एवढंच की मधे रक्त तपासायचं राहून गेलं.

कुळागरात पाणी, चिखल, उंदीर. पुढच्या पावसाळ्यात ताप पुन्हा येऊ शकतो, म्हणून हे वहीत लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच हवं: मेकॅनिकल झडप आहे, वॉर्फरिन चालू आहे. झडपवाल्या माणसाचा ताप साध्या तापात मोजत नाहीत. झडपेवरच जंतू बसलेले असू शकतात, म्हणून प्रतिजैविक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त काढायचं की नाही हे त्यांनी ठरवायला हवं. प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं. म्हणून घरात उरलेली जुनी प्रतिजैविकं देऊन मग दवाखाना गाठायचा, हे करू नका.

दंड-कमरेत इंजेक्शन घेऊ नका. वॉर्फरिनवर असताना स्नायूत सुई गेली की आत रक्त साचून मोठी गाठ होते. ताप उतरवायला डायक्लोफिनॅकची सुई किंवा गोळी, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, यांतलं काहीच नको. बाबांना ॲस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांनीच लावून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही तापात चालू ठेवायचं का ते विचारा. डेंग्यूचा मोसम असेल तर आयएनआरसोबत प्लेटलेटही तपासायच्या. प्लेटलेट घसरत असताना वॉर्फरिन घरी बसून सांभाळता येत नाही, दाखल व्हावं लागतं.

आयएनआर कधी? वॉर्फरिनचा परिणाम दिसायला वेळ लागतो. गुठळीचा घटक ७ काही तासांत निम्मा होतो, पण घटक २ निम्मा व्हायला अडीच-तीन दिवस जातात. म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशीच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका. तिसऱ्या दिवशी एकदा, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा, आणि बरं वाटायला लागल्यावर आठवड्याने तिसऱ्यांदा तपासा. डोस बदलला असेल तर तिसरी तपासणी टाळायचीच नाही. या वेळी नेमकी तीच राहिली.

नवं औषध लिहिलं गेलं की एक प्रश्न विचारायचा: याने आयएनआर बदलतो का? मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल आणि फ्लुकोनॅझोल ही तीन नावं वहीत ठळक लिहा. ही वॉर्फरिनचं मोडणं अडवतात आणि आयएनआर जोरात वर नेतात. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल तर आपल्याकडे कुणीही सहज घेतो.

काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, अचानक असह्य डोकेदुखी किंवा उलट्या असं काही झालं तर आयएनआरच्या रिपोर्टची वाट न बघता इस्पितळ गाठा.

मोनोनायट्रेटचंही सांगून टाकतो. तापात घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्तदाब आधीच खाली असतो. त्यावर वाहिन्या सैल करणारी गोळी पडली की उभं राहताना अंधारी येते. बाबांना खाटेवरून थेट उठू देऊ नका, आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसवा. वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सकाळची आणि दुपारची गोळी यांच्यात साधारण सात तास ठेवतात आणि रात्र मोकळी सोडतात. ते मुद्दाम आहे. चोवीस तास नायट्रेट मिळालं की शरीर त्याला सरावतं आणि गोळी गुण देत नाही. आजारपणात वेळा चुकल्या म्हणून दुपारची गोळी रात्री देऊ नका.

आता पावडर. देऊ नका, जमल्यास परत करा. ती यकृतातली एन्झाइमं बंद पाडेल म्हणून नव्हे. अशा पावडरीत बहुधा आर्जिनिन असतं, पण निरोगी यकृतात आयनॉस जवळपास नसतंच, त्यामुळे आर्जिनिन खाल्ल्याने तो पूर येण्याचं कारण नाही. आमची हरकत वेगळी आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर आर्जिनिनची चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. हृदयाचं काम काही सुधारलं नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, नुसती खोटी पावडर घेणाऱ्यांत एकही नाही, आणि चाचणी मधेच थांबवावी लागली. बाबांना झटका आलेला नसेल, पण हृदय आजारी आहे आणि नायट्रेट चालू आहे. त्यावर पुन्हा आर्जिनिन म्हणजे रक्तदाबाची दुहेरी घसरण.

आणखी एक धोका सांगताना भावाला शेजारी बसवा. ताकद वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरी-गोळ्यांत लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं सापडलं आहे. सिल्डेनाफिल नायट्रिक ऑक्साइडचा निरोप पेशीत पुसू देत नाही. नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतलं असेल तर निदान २४ तास आणि त्याच जातीचं टॅडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. हे किमान अंतर आहे. सिल्डेनाफिलला मुख्यतः ३ए४ मोडतं, तेच तापात झोपणारं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने अडणारं एन्झाइम. ते मंदावलेलं असताना औषध रक्तात अधिक काळ रेंगाळतं. कधी छातीत दुखून बाबांना इस्पितळात न्यावं लागलं, तर असं काही पोटात गेलं आहे का हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगायचं, कारण ते पहिल्या काही मिनिटांतच जिभेखाली नायट्रेट ठेवतील.

घरात किंवा शेजारी आणखी कुणी यकृतात मोडणाऱ्या अशा औषधांवर असेल तर तापात ती साचू शकतात हे त्यांनाही कळवा. दम्यासाठी थिओफायलिन घेणारे पहिले. १९८० मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात इन्फ्लुएन्झा बी ची साथ आली, तेव्हा ११ दमेकरी मुलांच्या शरीरातून थिओफायलिन बाहेर पडणं मंदावल्याचं नोंदलं गेलं. डोस नेहमीचाच होता. उलट्या, छातीत धडधड, हातांना कंप ही त्याची लक्षणं, पुढे फिटचे झटकेही येतात. आपल्याकडे डेरिफायलिन घेणारे खूप आहेत, त्यात थिओफायलिन असतं. मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांचंही तसंच. ही दोन्ही औषधं १ए२ हे एन्झाइम मोडतं, आणि विडी-सिगारेटच्या धुराने ते एन्झाइम वाढलेलं असतं. तापात माणूस विडी सोडतो, मग एन्झाइम दोन्हीकडून पडतं. क्लोझापिनवर ताप आला तर पांढऱ्या पेशीही लगेच तपासायच्या. मूत्रपिंड बदललेल्यांचं टॅक्रोलिमस हेही याच यादीत. गुठळी टाळणाऱ्या क्लोपिडोग्रेलचं उलटं असतं. ते यकृतात बदलल्याशिवाय कामालाच लागत नाही, म्हणून एन्झाइम मंदावलं तर गुण घटू शकतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनला यकृताच्या या एन्झाइमांशी देणंघेणं नाही, ते मूत्रपिंडातून जसंच्या तसं जातं. पण तापात पाणी कमी पडून मूत्रपिंडच थकलं तर तेही साचतं, म्हणून उलट्या-जुलाब असताना ते चालू ठेवायचं का ते विचारा.

राहिली तांबडी भाजी. ती बंद करू नका. तिच्यात नायट्रेट भरपूर असतं हे खरं. जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात थोडं नायट्रिक ऑक्साइड बनतं. ते प्रमाण जेवणातलं आहे, यकृताला त्याचा त्रास नाही. (हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या असतील तर सांगितलेल्या दिवसांपुरत्याच करा. त्या जिभेवरचे ते उपयोगी जंतूही मारतात.) बाबांच्या दृष्टीने भाजीतलं खरं बघायचं ते व्हिटॅमिन के, आणि त्याचा नियम सोपा: जेवढी खाता तेवढीच खात राहा. आठवड्यातून तीन दिवस एक-एक वाटी असेल तर तीनच दिवस, एकच वाटी. आजारपणात पेजेबरोबर दोन चमचे का होईना, शिजवलेली पालेभाजी पोटात जाऊ द्या.

आणि म्हणूनच आयएनआरची घाई. जुलैचा ताप गेला की मागोमाग श्रावण येतो. तुमच्या घरी महिनाभर मासळी बंद असेल तर ताटात तायकिळो, तेरें, लुती या पावसाळी रानभाज्या, तांबडी भाजी असं रोज काहीतरी येणार. व्हिटॅमिन के एकदम वाढणार, आयएनआर आणखी खाली जाणार, आणि गोळी आधीच एक मिलिग्रॅमने कमी. उद्याची तपासणी झाली की श्रावण लागल्यावर आठवड्याने एक, आणि चतुर्थीनंतर मासळी पुन्हा सुरू झाली की आणखी एक, अशा दोन तारखा आताच डॉक्टरांकडून लिहून घ्या.